स्टॅम्प पेपरवर पालकत्व मिळत नाही

तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करून देणाऱ्यांकडे एक मजकूर कायम तयार असतो. ‘मी लिहून देतो की, माझी पुतणी कु. अमुक हिचे पालनपोषण, शिक्षण व लग्नाची संपूर्ण जबाबदारी मी स्वखुशीने स्वीकारत आहे.’ खाली नातेवाइकांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. मुलीचे आईवडील गेलेले असतात, काका मनापासून सांभाळायला तयार असतो, घरात कुणाची हरकत नसते. त्यामुळे काम झालं असंच सगळ्यांना वाटतं. मग मुलीच्या वडिलांची मुदत ठेव मोडायला काका बँकेत जातो आणि मॅनेजर तो कागद परत सरकवून म्हणतो, ‘कोर्टाची ऑर्डर आणा.’

मॅनेजर अडवणूक करत नसतो. त्या कागदातून एवढंच कळतं की नातेवाइकांचं आपसात जुळलं आहे. मुलीच्या पैशावर किंवा जमिनीवर सही करण्याचा अधिकार नातेवाइकांकडे मुळात नसतोच, मग ते तो काकाला देणार कुठून? आईवडील सोडून दुसऱ्या कुणाला मुलाचा कायदेशीर पालक व्हायचं असेल तर हिंदू कायद्यात दोनच रस्ते आहेत: आईवडिलांचं मृत्युपत्र किंवा न्यायालयाचा आदेश. मुस्लिम कायद्यात आजोबांची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती पुढे येईल.

कुणालाही न विचारता पालक कोण असतं?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. कलम 6 म्हणतं की मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आई आधी. सावत्र आई किंवा सावत्र वडील या व्याख्येत येतच नाहीत. आईनं दुसरं लग्न केलं तर नवा नवरा आपोआप मुलाचा पालक होत नाही, आईचं पालकत्व मात्र जात नाही. हे अनेकांना उलटं वाटत असतं.

‘त्यांच्यानंतर’ या शब्दानं बायकांना फार छळलं. 1984 मध्ये गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे 9 टक्क्यांचे रिलीफ बाँड घेण्यासाठी अर्ज केला. नवराबायकोनं ठरवून, पालक म्हणून आईनं सही केली होती. बँकेनं अर्ज परत पाठवला: वडिलांची सही आणा, नाहीतर तुम्ही पालक असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1999 मध्ये निकाल लागला. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असं नाही, तर वडिलांच्या गैरहजेरीत. वडील मुलाकडे लक्ष देत नसतील, आईकडेच मूल वाढत असेल, आजारामुळे वडील काही करू शकत नसतील किंवा दोघांनी मिळून तसं ठरवलं असेल, तर आई वडिलांच्या हयातीतही नैसर्गिक पालक. त्याआधी 1970 मध्ये विदर्भातल्या एका शेतजमिनीच्या खटल्यात याच न्यायालयानं तसंच म्हटलं होतं. वडील जिवंत होते, पण वर्षानुवर्षं वेगळे राहत होते आणि मुलीच्या कारभारात त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं. मुलीपुरते ते नसल्यासारखेच, म्हणून आईनं केलेला भाडेपट्टा न्यायालयानं ग्राह्य धरला.

विधी आयोगानं 2015 मध्ये आईवडिलांना बरोबरीचं स्थान द्यावं अशी शिफारस केली. कलम 6 मधलं ते वाक्य अजून तसंच आहे, आणि खिडकीपलीकडचा कारकून निकाल वाचत बसत नाही. विभक्त राहणाऱ्या आईनं 1999 च्या निकालाची प्रत सोबत ठेवलेली बरी. 2015 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: अविवाहित आईनं पालकत्वासाठी अर्ज केला तर मुलाच्या बापाचं नाव उघड करायची किंवा त्याला नोटीस द्यायची सक्ती तिच्यावर करता येत नाही.

आधी विचारा: आदेश लागतो कशाला?

सल्ला घ्यायला येणारे बरेच लोक ‘गार्डियनशिप करायची आहे’ असं म्हणत येतात. कशासाठी असं विचारलं की निम्म्यांचं काम कोर्टाशिवायच होण्यासारखं निघतं. शाळेत नाव घालायला, वसतिगृहात ठेवायला, दवाखान्यात न्यायला सांभाळणाऱ्या आजीला सहसा कुणी अडवत नाही. मुलाच्या वतीनं दावा लावायचा असेल तर ‘वादमित्र’ म्हणून कुणीही सज्ञान, शुद्धीवरचा माणूस उभा राहू शकतो. त्याचे हितसंबंध मुलाच्या विरोधात नसले म्हणजे झालं. अपघाताच्या भरपाईचा अर्जही तसाच होतो, आणि मुलाच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा तो सज्ञान होईपर्यंत बँकेत गुंतवून ठेवायला सांगतं. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि मदतीची रक्कम महिना 2,250 रुपये झाली आहे. तिथे जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा आदेश लागतो, जिल्हा न्यायालयाचा नव्हे.

कोर्टाचा आदेश खरोखर लागतो तो मुलाच्या नावावर पैसा, घर किंवा जमीन असते आणि त्याबाबत व्यवहार करायचा असतो तेव्हा. किंवा मूल कुणाकडे राहावं यावरून दोन घरांत ओढाताण असते तेव्हा. किंवा आईवडील दोघंही नसलेल्या मुलाला घेऊन परदेशी जायचं असतं तेव्हा. एखाद्या भाच्याला मामानं दुबईला न्यायचं म्हटलं तर पासपोर्ट कचेरीत आणि दूतावासात पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही याचे कोण, आणि कुठल्या आदेशानं?

तेव्हा ‘व्यक्तीचं’ पालकत्व आणि ‘मालमत्तेचं’ पालकत्व हे दोन वेगळे अधिकार आहेत, हे डोक्यात पक्कं असावं. न्यायालय दोन्ही एकालाच देऊ शकतं किंवा दोघांना वेगवेगळं देऊ शकतं. मुलगी आजीजवळ वाढेल आणि तिच्या नावच्या फ्लॅटचं भाडं मामा पाहील, अशी वाटणी कायद्याला पूर्ण मान्य आहे. माझ्या मते ती बरीही असते. ज्याच्या हातात मूल आहे त्याच्याच हातात तिजोरीची किल्ली नसली की पुढची बरीच भांडणं टळतात.

कोण होऊ शकतं?

इथे पालक व पाल्य कायदा येतो, 1890 चा. इंग्रजांच्या काळातला, पण आजही देशात सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी कोर्टाचा मुख्य आधार तोच. हिंदूंचा 1956 चा कायदाही त्याला पूरक म्हणूनच आहे.

लोकांना वाटतं शिक्षणाची, पगाराची किंवा वयाची काही अट असेल. तशी आकड्यातली अट कायद्यात नाही. माणूस सज्ञान हवा, मनानं ठीक हवा आणि स्वतः तयार हवा. कुणावर त्याच्या इच्छेविरुद्ध पालकत्व लादता येत नाही. अविवाहित आत्या चालते, विधुर काका चालतो. नातं नसलेला कौटुंबिक मित्रही अर्ज करू शकतो, इतकंच काय जिल्हाधिकारीही करू शकतात. मग निवड होते कशावरून? कलम 17 मधली यादी अशी: मुलाचं वय, लिंग आणि धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, त्याचं मुलाशी नातं किती जवळचं, गेलेल्या आईवडिलांची काही इच्छा होती का, आणि त्या माणसाचा मुलाशी किंवा मुलाच्या मालमत्तेशी आजवर कसा संबंध आला. शेवटचा मुद्दा वकील लोक बारकाईनं बघतात. गेली चार वर्षं मुलाच्या वाट्याच्या शेतातला ऊस काकाच कारखान्याला घालत असेल आणि एका पैशाचा हिशेब नसेल, तर उलटतपासणी तिथूनच सुरू होते.

मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं ऐकू शकतात. हे भर कोर्टात होत नाही. बहुधा चेंबरमध्ये, नातेवाइकांना बाहेर बसवून, शाळा कुठली, मित्र कोण, रात्री कुणाजवळ झोपतोस असं बोलणं होतं. पढवलेलं पोर तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. मुलाच्या इच्छेला वजन असतं, पण अंतिम शब्द तो नसतो. शेवटी पाहायचं ते मुलाचं हित, आणि त्यात पैसाअडका हा एक भाग झाला, सगळं नव्हे. मोठ्या बंगल्यातला चुलता आणि दोन खोल्यांतली आजी यांच्यात आजीकडे मूल राहू शकतं.

आता सर्वात अवघड गाठ. आई किंवा वडील यांपैकी एक जण जिवंत असेल आणि न्यायालयाच्या मते तो अपात्र नसेल, तर दुसऱ्या कुणाला त्या मुलाच्या व्यक्तीचा पालक नेमता येत नाही. कलम 19. आधी तिथे फक्त वडिलांचा उल्लेख होता, 2010 च्या दुरुस्तीनं आईही आली. आई गेल्यावर आजोळी वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे कलम घरोघरी रडवतं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं एक प्रकरण 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालात काढलं. आई कॅन्सरनं गेली, वडील त्या काळात स्वतः क्षयरोगानं रुग्णालयात होते, तान्ही मुलगी मावश्यांनी सांभाळली. वडील बरे झाल्यावर त्यांनी मुलगी मागितली. मावश्यांनी तिला जीव लावला होता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तरी ताबा वडिलांना मिळाला, मावश्यांना भेटीची मुभा मिळाली. उलट बाजूचंही उदाहरण आहे: 2008 मध्ये, पत्नीच्या मृत्यूप्रकरणी खटला असलेल्या बापाऐवजी सर्वोच्च न्यायालयानं मूल आजीआजोबांकडे ठेवलं, आणि त्यात मुलाची स्वतःची इच्छाही धरली. म्हणजे बाप आहे म्हणून त्याला मूल मिळतंच असंही नाही. पण तो अपात्र आहे हे पुराव्यानं दाखवावं लागतं. ‘त्याला मुलाचं काही पडलेलं नाही’ एवढं म्हणून भागत नाही.

अर्ज कुठे, कसा?

मूल नेहमी जिथे राहतं त्या जिल्ह्याच्या न्यायालयात. सुनावणीच्या तोंडावर मुलाला सोलापूरहून उचलून नाशिकला नेलं म्हणून नाशिकचं कोर्ट हक्कदार होत नाही. कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरांत व्यक्तीच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा अर्ज तिथे जातो, मालमत्तेचा जिल्हा न्यायालयात. मुंबई शहरात मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाच्या जागी उच्च न्यायालय येतं. फक्त मालमत्तेचाच प्रश्न असेल तर ती ज्या जिल्ह्यात आहे तिथेही अर्ज चालतो.

अर्जात काय लिहायचं हे कायद्यानंच ठरवून दिलं आहे: मुलाचं नाव, जन्मतारीख, धर्म, राहण्याचं ठिकाण, मालमत्ता कोणती आणि अंदाजे किमतीची, मूल सध्या कुणाकडे आहे, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात, आधी कुणी असा अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, आणि तुम्हालाच का नेमावं. सोबत तुमचं संमतिपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, शाळेचं बोनाफाइड, तुमचा राहण्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, मालमत्तेचे उतारे हे सगळं जोडावंच लागतं.

नातेवाइकांची यादी करताना लबाडी करू नका. भांडखोर चुलत्याचं नाव गाळलं की नोटीस त्याला जात नाही, आणि आदेश झाल्यावर तो ‘मला कळवलंच नाही’ म्हणत उभा राहतो. नोटीस हयात आईवडिलांना जाते, मूल ज्याच्याकडे आहे त्याला जाते, कोर्टाच्या फलकावर आणि मुलाच्या घरावर लागते. कोर्ट सांगेल तर स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागते, आतल्या पानावर, सातबारा हरवल्याच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या रांगेत. कुणी हरकत घेतली नाही तर तुमचं शपथपत्र, थोडा पुरावा आणि आदेश. हरकत आली की पुढचं काही सांगता येत नाही. मधल्या काळात मुलाला किंवा त्याच्या मालमत्तेला धोका असेल तर तात्पुरता आदेश मागता येतो, तो जरूर मागा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी 15100.

आदेश हातात आला, मग?

तुम्ही मालक झाला नाहीत, विश्वस्त झालात. व्यक्तीचा पालक असाल तर सांभाळ, आरोग्य, शिक्षण तुमच्याकडे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला त्याच्या हद्दीबाहेर कायमचं नेता येत नाही. न्यायालयाला चुकवून नेलं तर दंड किंवा दिवाणी कैदही होऊ शकते. पुण्याहून बंगळुरूला बदली झाली तरी आधी अर्ज करा.

मालमत्तेचा पालक असाल तर जामीन लिहून द्यावा लागतो, आणि न्यायालयानं सांगितलं तर नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत स्थावर-जंगमाची, येण्यादेण्याची यादी आणि पुढे वेळोवेळी हिशेब. विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल यांसाठी आधी न्यायालयाची परवानगी. पाच वर्षांहून लांब किंवा मूल सज्ञान झाल्यावर वर्षभरापलीकडे जाणारा भाडेपट्टाही तसाच. परवानगी मिळते ती मुलाची गरज किंवा उघड फायदा दिसला तरच, आणि विक्रीचे पैसे अमुक ठेवीत ठेवा अशा अटी घालून.

ही परवानगीची अट आईवडिलांनाही लागू आहे, हे सांगितलं की समोरचा दचकतो. मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन सख्ख्या आईलाही परस्पर विकता येत नाही. विकली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत मूल तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. म्हणून जाणता खरेदीदार सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरं दिसली की थांबतो. अज्ञान पालनकर्ता: जमीन मुलाची, नाव लागलंय सांभाळणाऱ्यासह. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्शाला मात्र हा नियम तसाच लागू होत नाही, तिथे कर्त्याचे अधिकार वेगळे. आपली जमीन यांपैकी कुठल्या प्रकारात मोडते हे उताऱ्यावरून कळत नाही. जुने फेरफार वाचणाऱ्या वकिलाला ते दाखवावे लागतात.

कोविडनं अनाथ केलेल्या मुलांच्या मदतीचे पैसे सरकारनं असेच बांधून ठेवले. केंद्राच्या 10 लाखांच्या योजनेत पोस्टातलं खातं मूल आणि जिल्हाधिकारी यांच्या संयुक्त नावाने, पूर्ण रक्कम 23 व्या वर्षी. राज्यानंही 5 लाखांची मुदत ठेव केली. रकमा जाहीर झाल्यावर काही घरांत पोरांविषयी एकदम माया दाटून आली होती, तेव्हा ही खबरदारी अनाठायी नव्हती.

बाकी थोडक्यात. मृत्युपत्रानं पालक नेमता येतो. वडिलांनी नेमला असला तरी आई हयात असेल तर आधी आई. आईनं दुसरा कुणी न नेमता तीही गेली तर वडिलांनी नेमलेला माणूस पुढे येतो. तरुण जोडप्यांनी हे दोन ओळींचं काम करून ठेवायला काही हरकत नाही, पण आपल्याकडे मृत्युपत्र म्हटलं की अभद्र बोलतोय असं वाटतं. मुस्लिम कायद्यात मालमत्तेचे पालक वडील, मग त्यांनी मृत्युपत्रानं नेमलेला माणूस, मग वडिलांकडचे आजोबा. आईकडे लहान मुलांचा सांभाळ असतो, हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत, पण मालमत्तेसाठी तिला न्यायालयाकडून नेमून घ्यावं लागतं. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांसाठी 1890 चा कायदा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा चालत आला आहे, तिथलं तिथल्याच वकिलाला विचारा. आणि पालकत्व म्हणजे दत्तक नव्हे: मुलाचं आडनाव बदलत नाही, ते तुमचं वारस होत नाही, तुम्ही त्याचे होत नाही.

18 वर्षं पूर्ण झाली की सगळं संपतं. 1999 पर्यंत, कोर्टानं पालक नेमलेल्या मुलाला 21 पर्यंत थांबावं लागे, ती तरतूद गेली. मूल मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग असेल तर त्याच्यासाठी 18 नंतरही पालक लागतो, आणि तो राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून नेमून घ्यायचा असतो. तिच्यात जिल्हाधिकारी असतात.

इतरांच्या बाबतीत उरतं ते हिशेब देणं, कागद सोपवणं आणि वयाचा दाखला जोडून ‘अपाक शेरा कमी करण्याचा’ अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर टाकणं. हा शेरा आपोआप जात नाही. अर्ज केला नाही तर सातबाऱ्यावर माणूस अज्ञानच राहतो, मग भले त्याची स्वतःची पोरं शाळेत जात असोत.